यजमानाचं नाव

मिरकरवाड्याच्या जेटीवर मी दिसलो की मासे विकणाऱ्या मावशी आधी माझ्या हाताकडे बघतात. हातात पिशवी असली तर सर बांगडे न्यायला आलेत, स्पिरिटची बाटली असली तर किडे. पिशवीच्या दिवशी त्या भाव सांगतात, बाटलीच्या दिवशी कपाळाला हात लावतात.

माशांच्या कल्ल्यांत, तोंडात नि अंगावर राहणारे आयसोपॉड मी गोळा करतो. झिंगे-कुर्ल्यांच्या गोतातलेच हे. कुंडी उचलली की खाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा किडा यांचा जमिनीवरचा भाऊबंद. मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेला, माशाची जीभ संपवून स्वतःच जिभेच्या जागी बसणारा, तो कॅलिफोर्नियाच्या आखातातला सायमोथोआ एक्सिग्वा. त्याची ती करामत 1983 साली शास्त्रज्ञांनी मांडली. इथे तो विचारू नये. आपल्या हलव्याच्या तोंडात त्याची चुलत बहीण सायमोथोआ एरेमिटा सापडते. माशाने जबडा उघडला की आतून दुसरंच कुणीतरी बाहेर बघत असतं. हे सांगितल्यावर लोक विचारतात, तो मासा खाल्ला तर चालतो का? चालतो. किडा काढायचा, हलवा तळायचा.

माझा जीव मात्र बांगड्यातल्या नोरिलेका इंडिकावर. 1840 मध्ये मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हिचं वर्णन केलं. कल्ल्याचं झाकण अंगठ्याने वर करावं, तर लालभडक झालरीत ही दोन-अडीच सेंटिमीटरची फिकट बाई ठाण मांडून बसलेली. खोली अरुंद, म्हणून अंगच एका कुशीला वळलेलं. डाव्या कल्ल्यातलीचं वळण एकीकडे, उजव्यातलीचं दुसरीकडे. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाची पाठ तशी होते म्हणतात, पण इथे ते अक्षरशः खरं आहे. तिच्या आसपास नर शोधायचा, तो इतका लहान की घाईत हमखास सुटतो. या कुळात प्रत्येक जण आधी नर असतो, मादी नंतर होतो. म्हणजे ज्या बाईला मी चिमटा लावतोय ती कधीकाळी याच्याएवढा पोरगा होती.

सात जोड पाय, आणि प्रत्येकाचं टोक गळासारखं वळलेलं. ओढून काढली तर पाय माशात राहतात, आणि ओळख पटवायला पाय तर हवेतच. तेव्हा एकेक गळ सोडवत जायचं. उलटी केली की पोटाखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी, तिच्यात पिल्लं. भिंगाखाली पिल्लाचे पाय मोजा, सहाच जोड भरतात. सातवी जोडी पुढे येते. पहिल्यांदा मी तीनदा मोजले होते.

एवढं सगळं शिकलो आणि सुरुवातीच्याच एका वर्षी तोंडावर आपटलो. टबात बांगड्यांवर एक नेरोसिला, माशाच्या अंगावर राहणाऱ्यांपैकी, सापडली. चांगली धष्टपुष्ट, पाठीवर पट्टे. किडा कोणत्या माशावर राहतो याची मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली: यजमान बांगडा. नमुना एका जाणकारांकडे पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: कुठे बसली होती?

कुठे म्हणजे? बांगड्यावर. पुन्हा जेटीवर गेलो आणि मावशींना विचारलं. त्यांनी हातातला कोयता खालीही ठेवला नाही. “बांगड्यावर ती चालत आली सर. मासा मेला की ती निघते. ती तारलीची. जखम बघा ना.”

शेजारच्या पाटीतली तारली उचलून त्यांनी शेपटाजवळ बोट ठेवलं. खवले गेलेले, कातडीत खळगा, कडेला गळांनी टोचल्याच्या खुणा. माझ्या बांगड्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी किड्याकडे बघत राहिलो होतो, माशाकडे बघितलंच नव्हतं.

यजमान शब्द आपल्याकडे नवऱ्यालाही वापरतात, म्हणून बायको हसते. पण वहीतला सगळ्यात अवघड रकाना तोच. किड्याचं नाव उद्या, दहा वर्षांनी, दुसरा कोणीही शोधून काढेल. बाटलीत तो आहेच. तो कोणाच्या घरी राहत होता हे मासा हातात आल्यावरच्या पाच मिनिटांत कळलं तर कळलं. ट्रॉलरच्या पेटीत पाच जातींचे मासे बर्फाखाली एकमेकांवर, तिथे सुट्टा सापडलेला किडा मी आता उचलतो, पण यजमानापुढे रेघ मारतो. रापणीचा मासा सगळ्यात चांगला: वाळूवर तडफडत असतो, आणि पाहुणी अजून जागच्या जागी.

अडचण अशी की जेटीवर मला हवं ते मावशींना नको असतं. किडा दिसला की गिऱ्हाईक पाटी सोडून पुढे जातं, म्हणून त्या पहाटेच कल्ले चाचपून साफ करतात. त्यांचा धंदा आहे, बोलणार काय? शेवटी तोड निघाली. फुगीर कल्ल्याचा बांगडा न उघडता वेगळ्या पिशवीत टाकायचा, एका पिशवीत एकच, आणि पैसे पुऱ्या माशाचे.

मागच्या आठवड्यात अशी एक पिशवी आणली. घरी येईपर्यंत नोरिलेका कल्ल्यातून निघून पिशवीच्या तळाशी आली होती. यजमानाची शंका नव्हती. बाजू? जुन्या दोन बाटल्या शेजारी ठेवून तिचं वळण ताडून बघितलं: डावी. मग डावं झाकण उचललं. झालर तिथे दबून पांढुरकी पडली होती, आणि त्या खळग्यात, एवढ्या प्रवासातही न हललेला, नर बसला होता. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिल घेतली आणि चिठ्ठी लिहिली. मग बायकोला विचारलं, या बांगड्याचं तिखलं करशील का?