खांब काढायचा की ठेवायचा?

मैत्रिणींनो, घरदुरुस्तीचा विषय निघाला की आपल्या वाट्याला येतात ते रंग, पडदे आणि ओट्याची फरशी. खांब, तुळया, कड्या हे पुरुषांचं खातं! पण त्या तुळईखाली रात्री अंथरुणं कोण घालतं? मुलं कुणाच्या कुशीत निजतात? मग तिचा भार कशावर आहे, हे आपल्याला नको का ठाऊक असायला?

आमचं सासरचं घर लातूर जिल्ह्यातलं, जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांत वर मातीचा थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. गेल्या दिवाळीत धाकट्या भावजींनी टूम काढली, 'मधला खांब काढून टाकू, म्हणजे सोफा ऐसपैस बसेल.' गवंडीही म्हणाला, "काढू की! एका दिवसाचं काम." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत नुसत्या त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

त्यांच्या गप्प राहण्याचं कारण मला माहीत होतं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारचा सुमार. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली हजारो माणसं त्या भूकंपात झोपेतच गेली. कितीतरी जण अशाच भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला ढासळली, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. तान्ह्या भावजींना छातीशी धरून सासूबाई त्याच्याखालून बाहेर आल्या. पुढे पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनाही हेच आढळलं, की लाकडी सांगाडा मजबूत होता तिथे भिंती पडूनही छप्पर पुष्कळदा तगलं.

मी ह्यांना म्हटलं, "आधी सुतारमामांना तर बोलवा." ते आले, आणि त्यांनी दाखवलं ते तुम्हालाही सांगते. खांबाच्या माथ्यावर लाकडाची एक जीभ कोरून ठेवलेली असते, तिला कुसू म्हणतात. ते वरच्या लाकडातल्या भोकात बसतं, जात्याचा खुंटा पाळीत बसतो ना, तसं. खांबाचा पाय थेट जमिनीत नसतो. दगडी तळखड्यावर असतो, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडाला लवकर लागत नाही.

आता गोम अशी, की असा सांधा वरून येणारं ओझं छान पेलतो. पण घर आडवं हललं तर नुसत्या कुसवावर भरवसा नाही. सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका अंगाला कलू शकतो. म्हणून खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरकं लाकूड किंवा लोखंडी पट्टी बोल्टांनी आवळायची. फळीखाली आपण ब्रॅकेट लावतो, तेच तत्त्व.

आणि खांब काढला तर? तुळयांचा जोड बहुधा खांबावरच येतो. आधार गेला की दोन्ही टोकं लोंबकळणार. तुळई अखंड असली, तरी खण दुप्पट झाला की तिला वाकवणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय वरची माती! अर्धा मीटर थर असेल, तर एका चौरस मीटरवर पाऊण टनाच्या आसपास ओझं. दर वर्षी गळतंय म्हणून आपण मातीवर माती चढवत जातो, ते ओझं जातं याच सांध्यांवर.

सुतारमामांचं ऐकून भावजी जरा विचारात पडले. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बाळा, सोफा भिंतीलाही लागतो की." विषय तिथेच मिटला. इंजिनिअरला दाखवून खांबांना तिरके आधार बसवले, आणि माळवदाची माती वीतभर ठेवून तिच्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला. आता गळतही नाही.

तुमच्याकडेही असं घर असेल, तर उन्हाळ्यात एवढं कराच. खांबाच्या पायथ्याशी दाभण टोचून पाहा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. सांध्याजवळ भुसा, वाळवीची माती किंवा नवी फट दिसते का ते बघा. खांब तळखड्यावरून सरकलाय का, तुळईला बाक आलाय का, तेही नजरेखालून घाला. काम काढाल तेव्हा आधी तुळईला भक्कम टेकू द्या, मगच सांध्याला हात लावू द्या. आणि कुणी हसत म्हणालं, 'वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?' तर खुशाल म्हणा, 'खाली आम्ही निजतो, म्हणून विचारते.'