हजेरी देणारी आजारी डिस्क

औराद तालुक्यातील मराठी घरांतून मिळालेले मोडी कागद व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीची छायाचित्रे यांच्या प्रती आम्ही चार डिस्कांच्या एका पेटीत जपून ठेविल्या आहेत. मूळ कागदांपैकी पुष्कळ वाळवीने खाल्ले. गेल्या उन्हाळ्यात एकेक पान उघडावयास मिनिट लागू लागले. हिरवे दिवे मात्र चारही! नवी पेटी घ्या, असा सल्ला मिळाला. आम्हांस तो पटला नाही.

अशा मांडणीचे ‘रेड’ हे नाव बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने रूढ झाले. आमच्या पेटीत एक डिस्क मेली तरी मजकूर तरतो. परंतु मेलेली डिस्क पेटीला ओळखू येते. आजारी डिस्क हजेरी देत राहते, एकच जागा पुनःपुन्हा वाचीत बसते, आणि उरलेल्या तिघी तिच्यासाठी खोळंबतात.

प्रथम सर्व मजकूर दुसरीकडे उतरविला. मग प्रत्येक डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे ‘स्मार्ट’, वाचली. केबलच्या चुका शून्य; चौथीच्या निकामी जागा मात्र रोज वाढत होत्या. (नोंद कोरी असली तरी निश्चिंत राहू नये: गूगलच्या २००७ च्या पाहणीत बिघडलेल्या डिस्कांपैकी तृतीयांशाहून अधिकांनी कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती.)

चौथी बदलली. नवी भरून निघावयास रात्र लागली. तेवढ्यात दुसरी गेली असती, तर पेटी रिकामीच. आम्ही जागेच होतो.