हाड तेच, बसणं वेगळं

कोकणात इन्सुलीतल्या एखाद्या घरात दुपारच्या कालवणासाठी नारळ खोवायला बसलेल्या बाईकडे जरा निरखून पाहावं. उजवं पाऊल विळीच्या पाटावर दाबलेलं, गुडघा छातीशी आलेला. जोर द्यायला कंबर पुढे झुकली की तोच गुडघा नकळत आत वळतो. खुबा तपासताना आम्ही फिजिओथेरपिस्ट टेबलावर जवळपास हेच करून पाहतो. पेशंटला उताणं झोपवायचं, गुडघा वर घेऊन खुबा नव्वद अंशांत दुमडायचा, मांडी आत ढकलायची आणि पाऊल बाहेर फिरवायचं. जांघेत ओळखीची कळ आली की इम्पिंजमेंटचा, म्हणजे खुब्यात हाडाला हाड अडण्याचा, संशय घ्यायचा. जी हालचाल आम्ही एकदा करून बघतो, ती घरात आणि शेतात रोज कितीतरी वेळा होते. म्हणून माझं म्हणणं असं, की या दुखण्याचा पहिला उपचार त्या बसण्या-वाकण्याच्या हिशेबातून सुरू झाला पाहिजे. सांधा मोडून घेणं किंवा दुर्बीण घालून हाड तासणं या त्यानंतरच्या गोष्टी.

मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातली वाटी मिळून खुबा होतो. गोळ्याच्या मानेवर जादा उंचवटा असेल तर त्याला कॅम म्हणतात आणि वाटीची कड जास्त पुढे आलेली असेल तर पिन्सर. खुबा खूप मिटला की हे भाग एकमेकांवर येतात आणि वाटीच्या कडेची लवचिक झालर, लॅब्रम, मध्ये चेपते. बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी 2003 साली हे अडणं खुब्याच्या झिजेशी जोडून मांडलं. तेव्हापासून एक्स-रेमध्ये उंचवटा दिसला की पेशंटची झोप उडते. पण 2015 साली एकत्र केलेल्या अभ्यासांत काहीही न दुखणाऱ्या खुब्यांपैकी सुमारे 37 टक्क्यांत कॅम आढळला. म्हणूनच 2016च्या वॉरिक सहमतीने निदानाला तीन गोष्टी एकत्र मागितल्या: त्रास, तपासणीतली खूण आणि फोटोतला आकार. नुसता आकार म्हणजे आजार नव्हे. मग जमिनीवर बसण्यालाच दोष द्यावा, तर तेही टिकत नाही. उकिडवं बसण्याची सवय असलेल्या बीजिंगमधल्या वृद्धांत खुब्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या वृद्धांपेक्षा पुष्कळ कमी आढळली. तिथे हाडांची ठेवणही वेगळी आहे, त्यामुळे सगळं श्रेय बसण्याला देता येत नाही; पण बसणं हा मुळात गुन्हा नाही एवढं नक्की कळतं. अडचण होते ती विशिष्ट आकार, विशिष्ट कोन आणि सततचा भार एकत्र आले की.

यावर हमखास प्रश्न येतो: व्यायामाने हाड तासलं जात नाही, मग उपयोग काय? हाड बदलत नाही हे खरं, पण ते किती वेळा आणि किती जोराने अडतं हे बदलतं. विळी चौरंगावर ठेवून आपण स्टुलावर बसलं तर खुबा कमी मिटतो. खालीच बसायचं तर बुडाखाली चार बोटं उंचीचा पाट घ्यावा आणि गुडघा बाहेर उघडा ठेवावा. भाताचा तरवा काढताना बुटकं स्टूल घ्यावं, लावणीत मध्येमध्ये ताठ उभं राहावं. बांद्यावरून पत्रादेवीमार्गे गोव्यात रोज कामाला जाणाऱ्याने गाडीची सीट थोडी मागे आणि उंच करावी. ही झाली सवलत. खरं काम स्नायूंचं: उताणं झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं, घराच्या पायरीवर सावकाश चढणं-उतरणं. नितंबाचे स्नायू ताकद धरतात तसा गुडघा आत कोसळायचा थांबतो. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं पाहिजे. आणि जखडलंय म्हणून गुडघा छातीशी ओढून ताण देत बसू नये. जिथे चेपतं तिथेच आपण पुन्हा दाबत असतो.

दुसरा आक्षेप सांधे मोडून देणाऱ्या कायरोप्रॅक्टिकवाल्यांचा: एका झटक्यात मोकळं वाटतं, मग महिनोन्‌महिने घाम कशाला? मोकळं वाटतं हे नाकारायचं कारण नाही. हाताच्या उपचाराने वेदना आणि स्नायूंचा आवळा काही काळ उतरतो. पण तो कट्‌ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा आहे, आणि हाडाचा उंचवटा झटक्याने कमी होत नाही. इम्पिंजमेंटमध्ये नुसत्या मॅनिप्युलेशनच्या बाजूने भक्कम पुरावाही नाही. शिवाय महाराष्ट्रात फिजिओथेरपीला 2002च्या कायद्याने राज्य परिषद आहे, कायरोप्रॅक्टिकला देशात तशी वैधानिक परिषद नाही; तेव्हा हात कोणाचा आणि शिक्षण काय, हे विचारून घ्यावं. मिळालेला आराम त्या आठवड्याचा व्यायाम नीट करण्यासाठी वापरला, तरच तो पुढे उरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप शस्त्रक्रियेचा. 2018 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनच्या फॅशन चाचणीत 348 पेशंट होते. शंभर गुणांच्या मापावर वर्षअखेर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा गट 58.8 वर आला, व्यायामाचा 49.7 वर, सुरुवातीचा फरक धरून शस्त्रक्रियेची सरशी 6.8 गुणांची होती. पेशंटला जाणवेल असा किमान फरक 6.1 मानला होता. म्हणजे शस्त्रक्रिया पुढे राहिली, आणि हे लपवून व्यायाम विकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण व्यायामाचा गटही 35.6 वरून चढला होता, तोही तीन ते सहा महिन्यांत झालेल्या सहा ते दहा भेटींवर. त्यात हाताचे उपचार ऐच्छिक होते, व्यायाम नव्हता. दूरचं ऑपरेशन, कुबड्या आणि बुडणारा शेतीचा हंगाम जमेस धरला, तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम हा क्रम मला न्याय्य वाटतो. मात्र रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पडल्यानंतर टेकता न येणारा पाय, लंगडणारं मूल, किंवा स्टिरॉइड वा दारूच्या जुन्या सेवनानंतरची जांघेतली कळ असेल, तर हा क्रम मोडावा आणि आधी डॉक्टर गाठावा. स्टिरॉइड-दारूमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटत असताना सुरुवातीचा एक्स-रे साफ दिसू शकतो, आणि तिथे पाट उंच करून काहीही साधत नाही.