पंचांग गॉलचे, अक्षरे रोमची

माझी नात फ्रान्समध्ये, लियाँ शहरात वाढते आहे. मराठी बोलते झकास. पण लिहिते ती रोमन अक्षरांत. तिचा निरोप वाचताना दर शब्दाला ठेच लागते. “लिपी गेली की भाषा गेलीच म्हणून समज,” असे मी चिरंजिवांना बजावलेही होते. मग त्या लियाँलाच जाण्याचा योग आला.

सोन आणि ऱ्होन या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव मोठे देखणे आहे. इ. स. पू. 52 मध्ये आलेसियाच्या वेढ्यात ज्यूलियस सीझरने गॉल लोकांचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स याला शरण आणले आणि गॉलचे स्वातंत्र्य संपले. पुढे इ. स. पू. 43 मध्ये रोमनांनी येथील फूर्व्हिएर टेकडीवर वसाहत वसवली. पण तिचे नाव लुग्दुनुम! यातले ‘दुनुम’ म्हणजे गॉलिश भाषेत गड. नगर जेत्यांचे, नाव जितांचे.

सोन ओलांडून क्रवा-रूसच्या चढणीवर गेलो. तेथे एका रोमन अ‍ॅम्फिथिएटरचे अवशेष आहेत. इ. स. 19 च्या सुमारास ते बांधून देणाऱ्याचे नाव गाइयस ज्यूलियस रूफस. कोणालाही वाटावे, हा अस्सल रोमन! पण गृहस्थ गॉल. पश्चिमेकडच्या सँत गावी त्याने उभारलेल्या कमानीवर त्याची वंशावळच कोरलेली आहे. पणजोबांचे नाव एपोत्सोरोविदुस. आजोबांनी आणि वडिलांनी पुढे सीझरच्या घराण्याचे ‘गाइयस ज्यूलियस’ लावले, पण शेवटी घरचे गॉलिश नाव राखले. चौथ्या पिढीत तेही गेले. तरी रूफसने पणजोबांचे नाव दगडावर कोरवून घेतले, हे मला फार आवडले.

रोमनांनीही दार अगदीच लावून घेतले नव्हते. याच लियाँत जन्मलेल्या क्लॉडियस बादशहाने इ. स. 48 मध्ये गॉलच्या सरदारांना सेनेटमध्ये घ्यावे म्हणून भाषण केले. ते कोरलेला काशाचा पत्रा फूर्व्हिएरच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

पण मी खिळून उभा राहिलो तो तिथल्याच दुसऱ्या पत्र्यापुढे. 1897 साली कोलिन्यी गावाच्या शेतात त्याचे सुमारे दीडशे तुकडे सापडले. ते जुळवल्यावर निघाले चक्क पंचांग! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, म्हणजे रोमन अमलातले. अक्षरे रोमन, आकडे रोमन, भाषा मात्र गॉलिश. पाच वर्षांचे बासष्ट महिने, त्यांत दोन अधिक. आपल्या वेदांग ज्योतिषातही पाच वर्षांच्या युगाला बासष्टच चांद्रमास! महिन्यांपुढे शुभ-अशुभाच्या खुणा आहेत, असे अभ्यासक मानतात. आणि रोज खुंटी सरकवायला दर दिवसाला एक बारीक भोक.

नातीने काचेला नाक लावून ‘सामोन’ हे महिन्याचे नाव घडाघडा वाचले. अक्षरे मलाही वाचता आली. पण अर्थ कोणाला पुसावा? गॉलिश बोलणारा जगात कोणी उरलेला नाही. कचेरी, व्यापार, शाळा साऱ्यांची भाषा लॅटिन झाली. गॉलिश काही शतके खेड्यापाड्यांत तगली आणि मग विझली. फ्रेंचमध्ये तिचे मोजके शब्द राहिले: ओक वृक्षाचा ‘शेन’, नांगराचा ‘शारू’, चंडोल पक्ष्याचा ‘अलुएत’. सारे शेतशिवारातले.

म्हणजे परक्या लिपीने भाषा मारली नव्हती. उलट तिचे एवढे मोठे पंचांग आपल्यापर्यंत पोचवले ते त्याच लिपीने. भाषा गेली ती घरातली मुले दुसरीकडे बोलू लागली तेव्हा.

परतताना नातीने विचारले, “आजोबा, आपला अधिक महिना कधी येतो?” टेकडी उतरेपर्यंत मी तिला तिथी, पक्ष, अमावास्या, सारे समजावत होतो. आता तिचे निरोप रोमन अक्षरांतच येतात; मी उत्तर देवनागरीत धाडतो. रविवारी मात्र तासभर आम्ही फोनवर बोलतो, आणि तो तास मी चुकवत नाही.