जरा थांबा, पाणी पिते आहे

आमच्या घराण्यात आजवर कोणी राक्षस मारल्याची नोंद नाही. सासरे पोस्टात होते, हे बँकेत, आणि मी तीस वर्षे चौथीच्या मुलांना भागाकार शिकवला. तेव्हा वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, पायांत लोकरीचे मोजे आणि अंगात सूनबाईंचा स्वेटर घालून मी एका खाणीत शिरले आणि दरोडेखोरांशी लढले, असे मी सांगू लागले की आमच्या डोंबिवलीच्या भिशीतल्या बायका एकमेकींकडे पाहतात. पण गोष्ट खरी आहे.

२०१० च्या जानेवारीत मी सहा महिन्यांसाठी चिरंजिवांकडे न्यू जर्सीत एडिसनला गेले होते. एडिसनला हिंगापासून कढीपत्त्यापर्यंत सगळे मिळते. मिळत नाही तो दिवसा बोलायला माणूस. हे दोघे सकाळी कामावर जात, आणि फेब्रुवारीत बर्फ असे पडले की दारातली मोटार कोणती आणि झुडूप कोणते ते कळेना. रात्री जेवणे झाली की चिरंजीव कानाला यंत्र लावून संगणकापुढे बसत आणि मी काही विचारले की म्हणत, "पाच मिनिटं हं, आई." त्यांची पाच मिनिटे मी एकदा घड्याळ लावून मोजली. चाळीस भरली. शेवटी एके रात्री मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"हे काय चाललंय?"

"डंजन."

"म्हणजे तळघर?"

"तळघर म्हण, भुयार म्हण, किल्ला म्हण. पाच जणांनी आत शिरायचं, वाटेतल्या टोळ्या मारायच्या आणि शेवटी त्यांच्या म्होरक्याला गाठायचं."

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. तो २००४ साली अमेरिकेत निघाला. मास्तरणीची खोड, म्हणून मी आधी इतिहास विचारला. तर या प्रकाराचे मूळ १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आहे. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असलेच जग संगणकात घातले. त्यात चित्रे नव्हती, नुसती वाक्ये. पण एकाच वेळी अनेकांना त्यात शिरता येई, आणि खरी गंमत तीच होती. एकट्याने राक्षस मारण्यात विशेष काय आहे? पाच माणसांनी एकमेकांच्या पायांत न येता तो मारायचा, हे कठीण.

कामे वाटलेली असतात. एक 'टँक'. याने सर्वांच्या पुढे राहायचे आणि शत्रूचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. तिघांनी मारायचे. आणि पाचवा 'हीलर', म्हणजे वैद्य. त्याने मंत्र घालून इतरांच्या जखमा भरायच्या. चिरंजिवांनी विचारले, तुला कोण व्हायचंय? मी हीलर झाले. पस्तीस वर्षे संसार केल्यावर दुसरे काही शिकण्याची उमेद नव्हती. पंगतीत वाढणारीकडे कोणी पाहत नाही. मीठ राहिले की मात्र दहा माना एकदम वर होतात. हीलरचे तसेच. कोणी मेला नाही तर तो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या मंत्रांना एक शक्ती लागते, तिला 'मॅना' म्हणतात. पडद्यावर ती निळ्या पट्टीने दाखवलेली असते. मंत्र घातला की पट्टी थोडी ओसरते, आणि पार संपली की वैद्यबुवा नुसते बघे. ती भरायचा सोपा उपाय: खाली बसायचे आणि पाणी प्यायचे. हे ऐकून मला फार बरे वाटले. आगीचे गोळे, हाडांचे सापळे, उडते सिंह असल्या त्या दुनियेत एवढी एक गोष्ट ओळखीची निघाली! त्यातून पाचांत एखादा 'मेज', म्हणजे जादूगार, असला तर तो मंत्राने पाणी निर्माण करतो आणि न मागता हीलरच्या हातात बाटल्या ठेवतो. तशी ती रीतच आहे. सुरुवातीच्या पायरीवर एका मंत्रात त्याला दोन-चार बाटल्याच मिळत, तेव्हा बिचाऱ्याला तोच मंत्र पुन्हापुन्हा म्हणावा लागे. अशा वेळी जी माणसे "पाणी" एवढा एकच शब्द टंकून गप्प बसत, त्यांना पाणपोईवरच्या म्हातारीनेसुद्धा पेला दिला नसता.

आणि हीलर पाणी प्यायला बसला की इतरांनी थांबायचे. नियमावलीत हे कुठे लिहिलेले नाही. पण माझे बालपण गिरगावातल्या चाळीत, एका मजल्याला एक नळ अशा काळात गेले आहे. शेजारणीची घागर अर्धी भरलेली असताना तुमची कळशी पुढे सरकवायची नाही, हेही कुठे लिहिलेले नव्हते.

न लिहिलेले असे पुष्कळ आहे. टँकच्या आधी कोणी पुढे जायचे नाही. २००५ साली एका चित्रफितीतला लिरॉय जेन्किन्स हा वीर, बाकीचे मसलत करीत असताना स्वतःचेच नाव गर्जत अंड्यांनी भरलेल्या दालनात घुसला आणि सगळी पलटण कापली गेली. ती फीत मुद्दाम रचलेली होती म्हणतात. पण तेव्हापासून अशा प्रत्येक उतावळ्याला जगभर लिरॉयच म्हणतात. शिकाऱ्याने वरून उडी मारण्याआधी आपले पाळीव जनावर आवरायचे, नाही तर ते लांबच्या वाटेने धावत येते आणि येताना वाटेतल्या यच्चयावत शत्रूंची वरात मागे घेऊन येते. कामासाठी उठायचे तर सांगून उठायचे. आत शिरताना नमस्कार, निघताना आभार.

लुटीच्या वाटणीत मात्र मी पहिल्यापासून चुकले. एखादी वस्तू सापडली की तेव्हा प्रत्येकापुढे तीन बटणे येत: 'नीड', म्हणजे मला गरज आहे, 'ग्रीड', म्हणजे गरज नाही पण मिळाली तर विकीन, आणि 'पास'. दोघांना गरज असेल तर फासे पडत. स्वतःचा लोभ इतक्या उघडपणे बटण दाबून कबूल करायची सोय मी दुसऱ्या कुठल्या समाजात पाहिली नाही. पण लोकांच्या घरी तिसरी पोळी नको म्हणण्यात माझा जन्म गेला. मी प्रत्येक वेळी 'पास' दाबी. एकदा खास पुजारणीच्या कामाची काठी निघाली, तीही मी सोडली आणि एका चोराने नेऊन विकली. चिरंजीव कपाळावर हात मारून म्हणाले, "आई, ती तुझ्यासाठीच होती! तुझी काठी चांगली असली तर फायदा आम्हालाच ना?" हे माझ्या डोक्यात कधीच आले नव्हते.

माझे पहिले डंजन 'डेडमाइन्स' नावाच्या खाणीतले. तिथला म्होरक्या व्हॅनक्लीफ मुळात दरोडेखोर नव्हे, गवंडी. त्याच्या गवंड्यांनी राजधानी पुन्हा बांधून दिली आणि सरदारांनी मजुरी बुडवली, म्हणून तो बिथरला. हे कळल्यावर त्याला मारायला माझा हात होईना. मुंबईच्या गिरणगावाशेजारी वाढलेल्या बाईला बुडालेल्या मजुरीचे काय ते सांगायला नको. चिरंजीव टँक होऊन पुढे होते. बरोबर तीन अनोळखी: अस्वल पाळणारा एक शिकारी, एक जादूगार, आणि सुरे घेऊन फिरणारा एक चोर. खाणीच्या पोटात पाण्यावर एक अख्खे जहाज उभे आहे, आणि म्होरक्या त्याच्या वरच्या मजल्यावर. मी फळीवरून वर चढताना दोनदा पाण्यात पडले. तिसऱ्यांदा चढले तर भलत्याच बाजूला. कोणी काही बोलले नाही. चिरंजीव शेजारच्याच टेबलाशी बसले होते. मध्येच ते एकदा खोकले, एवढे आठवते. व्हॅनक्लीफ पडला. मी शोधून शोधून एकेक अक्षर दाबत 'थँक यू' लिहिले, आणि मला वाटले, काय गुणी माणसे ही!

मात्र चिरंजीव कुरकुरत. त्यांच्या मते खरी सभ्यता आदल्या डिसेंबरातच, म्हणजे २००९ मध्ये संपली होती. त्याआधी सोबती शहरात हिंडून, विचारून जमवावे लागत आणि भुयारापर्यंत चालत जायचे. तुम्ही एकदा कोणाला टाकून पळालात की तुमचे नाव सगळ्या वस्तीत होई आणि पुढे कोणी घेत नसे. त्या डिसेंबरात 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबले की निरनिराळ्या वस्त्यांतली पाच माणसे आपोआप एकत्र, थेट दारात; काम संपले की पाच दिशांना. चाळ जाऊन एस.टी. स्टँड आला म्हणा ना! याच सोयीबरोबर दुसरी एक सोय आली होती. एखादा सोबती नको असेल तर त्याला मतदानाने काढता येई. कोणीतरी ठराव मांडायचा, कारण लिहायचे, आणि पाचांत तीन मते पडली की तो माणूस गेला. ज्याच्याविरुद्ध ठराव, त्याच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. (लोकांना जुन्या तऱ्हेची इतकी ओढ लागली की २०१९ मध्ये जुना खेळ पुन्हा काढला, तेव्हा त्यात तो फाइंडर ठेवलाच नव्हता. पण ते फार पुढचे.)

एप्रिलपर्यंत मी धीट झाले होते. दुपारी घरात कोणी नसताना एकटीने चार परक्यांबरोबर जाऊ लागले. हे डोंबिवलीहून फोनवर म्हणत, "आज किती मारले?" मी म्हणे, "मी मारत नाही, मी वाचवते."

त्या दुपारी 'वेलिंग कॅव्हर्न्स' आले. हिरवट, ओल्या गुहांचे ते जाळे आहे. वाटा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की पाहिलेले वळण पुन्हा पाहतो आहोत का नवे, ते कळत नाही. आमचा टँक कोणी योद्धा होता. प्रत्येक टोळी पडली की तो थांबे. पुढच्या वळणापाशी जाई आणि पुन्हा थांबे. बाकीचे तिघे जागच्या जागी उड्या मारू लागले. अधीर माणसांची तिथली ती खूण. इकडे स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तिसरीला मला उठायचे होते. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. या टँकला काढायचे का? कारण: 'हळू'. खाली हो आणि नाही.

मी 'हो' दाबले.

विचार करून दाबले असे नाही. तिघे म्हणताहेत तर असेल तसेच, एवढेच मनात आले. यादीतून त्याचे नाव गेले. मी कुकर बंद करून येईपर्यंत नवा टँक हजर होता. तो आला तोच पळत सुटला. एक टोळी पडायच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. माझी निळी पट्टी भराभर खाली आली. मी पाणी प्यायला बसले आणि टंकू लागले, "जरा थांबा, पाणी पिते आहे." निम्मे वाक्य झाले तोवर तो मेला, मग तिघे, मग मी. पाचही आडवे. नवा टँक अक्षर न बोलता निघून गेला.

पडद्यावरच्या स्वतःच्या प्रेताकडे पाहत बसले असताना माझ्या ध्यानात आले, की त्या आधीच्या टँकबरोबर असताना मला पाणी मागावे लागले नव्हते. एकदाही नाही. मी बसे, पट्टी भरे, मग तो पुढच्या टोळीला हात घाली. मी समजत होते तो वाट चुकतो आहे.

रात्री आमटी कोणालाच लागली नाही, म्हणजे मला. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्हाला बरं नाहीये का?" तेव्हा मी सगळे सांगितले. एका माणसाला मी घालवले, तो माझ्यासाठी थांबला होता, आणि आता त्याला गाठून सांगायची सोय नाही. तो कुठल्या वस्तीतला, काय नावाचा, काही मी पाहिले नव्हते. चिरंजीव बराच वेळ ताटात बोट फिरवीत होते. मग म्हणाले,

"तुझ्यावरही ठराव आला होता, आई."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. डेडमाइन्समध्ये. तू जहाजावरून पाण्यात पडत होतीस तेव्हा."

"कारण काय लिहिलं होतं?"

"जाऊ दे ना."

"तू काय केलंस?"

"मी 'नाही' म्हटलं. तुला कळू नये म्हणून खोकलो."

त्या रात्री मी जागीच होते. तीस वर्षे भागाकार शिकवला. ही तर साधी वजाबाकी होती. मला काढायला तीन मते लागत होती. माझ्याखेरीज चौघे. चिरंजिवांनी 'नाही' म्हटले, उरले तिघे. तिघांनीही 'हो' म्हटले असते तर मी गेलेच असते. मी गेले नाही. म्हणजे त्या तीन परक्यांपैकी निदान एकाने, मी पाण्यात गटांगळ्या खात असताना, त्या चौकटीतले दुसरे बटण दाबले होते.

कोणी? जादूगाराने मला न मागता पाणी दिले होते. पण जहाजापाशी सगळ्यांत जास्त उड्याही तोच मारत होता. शिकाऱ्याचे अस्वल एकदा माझ्यापुढे येऊन उभे राहिले होते, पण ते मुद्दाम की आपोआप, देव जाणे. चोर तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. शेवटी मी 'थँक यू' लिहिले, तेव्हा तिघांपैकी एकाने उत्तर दिले होते एवढे मला नक्की आठवते. पण नाव मी पाहिले नाही. सूनबाईंनी तेवढ्यात चहा आणून ठेवला होता, आणि वाफेने धुरकटलेला चष्मा मी पदराने पुसत होते.