काल्याचा घास

आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह यंदा रविवारी काल्याने संपला. नोकरीमुळे सातही दिवस माझ्या वाट्याला येत नाहीत. शनिवारी दुपारी पुण्याहून निघालो आणि दिवेलागणीला हरिपाठात जाऊन उभा राहिलो. मिळाले ते दोनच दिवस; पण सहा वर्षांची एक अढी त्यांत सैल झाली.

अढी होती थोरल्या चुलतभावाशी, बांधावरून. ज्यांना शेती आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. भिंतीला भिंत लागून घरे, पण बोलणे बंद.

सप्ताहात आमच्याकडे आमटी देवळामागे मोठ्या काहिलीत होते आणि भाकरी घराघरांतून येतात. कुणाची बाजरीची, कुणाची ज्वारीची, कुणाची जाड, कुणाची पातळ. सगळ्या एकाच टोपलीत पडतात आणि वाढपी हाताला लागेल ती पानात टाकतो. त्या रात्री माझ्या पानात आली ती वहिनीच्या हातची. कडेवरूनच ओळखली. घर एकत्र होते तेव्हा माझ्या शाळेच्या फडक्यात तीच भाकरी असे. बोलणे बंद केले होते, भाकरी काही बंद करता आली नाही.

कीर्तनानंतर महाप्रसादाची तयारी सुरू झाली. कुणी लसूण सोलतो आहे, कुणी भाजी चिरतो आहे, आणि तोंडे चालूच. पाऊस, बाजारभाव, नांदायला गेलेल्या लेकी. मधूनच महाराजांचा दृष्टान्त पटला की नाही यावर वाद. दादा एका टोकाला, मी दुसऱ्या. तो काही बोलला की लोक हसत, आणि मी लसणाकडे बघत हसू दाबी.

फळ्यावर वीण्याच्या पहाऱ्याची यादी होती. दोन ते तीन मी, तीन ते चार दादा. लिहिणाऱ्याने हे चुकून केले की मुद्दाम, देव जाणे. सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. दादा हातपाय धुऊन आला. मी वीणा त्याच्या गळ्यात घातला आणि रीतीप्रमाणे पायांवर वाकलो. मग तो माझ्या पायांवर वाकला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस! आपल्या संप्रदायात हे रोजचेच आहे, हजारदा केले आहे. त्या पहाटे मात्र घशातून नाम उमटेना.

रविवारी काल्याचे कीर्तन झाले. गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र कालवल्या. हात धुताना उष्टे शीत तरी मिळेल म्हणून स्वर्गीचे देव यमुनेत मासे होऊन राहिले. तर कृष्णाने गोपाळांना हात घोंगडीलाच पुसायला सांगितले. ही कथा लहानपणापासून ऐकतो आणि देवांच्या फजितीला हसतो. या वेळी वाटले, देव उपाशी राहिले ते का? त्यांनी शिदोरी आणलीच नव्हती. नुसते घ्यायला आले होते. काल्यात आधी आपले सोडावे लागते, आणि एकदा कालवल्यावर आपले शीत वेगळे काढता येत नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावरच पालख्या परतीला लागतात, त्याचा अर्थही मला तेव्हा कळला. वारकऱ्याने निरोप घ्यावा तो एकमेकांत कालवून.

दहीहंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला एकमेकांच्या मुखी घालणे सुरू झाले. गर्दीतून एक हात माझ्या तोंडाशी आला. दादाचा होता.

“कधी आलास?” त्याने विचारले. पहाटे ज्याच्याकडून वीणा घेतला, त्यालाच!

“काल.”

“काकू कशी आहे?”

“गुडघे धरलेत तिचे.”

“चहाला ये घरी.”

चहाला गेलो तो दोन तास बसलो. बांधाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. बांध अजून तिथेच आहे. मोजणी व्हायची तेव्हा होईल. पण आता ती दोघे मिळून बोलावू, असे वाटते.

निघताना वहिनीने भाकरी बांधून दिली. रात्री पुण्यात आईपुढे ठेवली. आईने फडके सोडले, भाकरीच्या कडेवरून बोट फिरवले आणि कुणी दिली हे विचारले नाही. दोन घास खाऊन म्हणाली, “पुढच्या सप्ताहाला मलाही ने.”

राम कृष्ण हरि.