किती विड्यांचा रस्ता?

रविवारी निपाणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, लंडन ते बेळगावचा सांबरा विमानतळ ७,६०० किलोमीटर. विमानाला साडेनऊ तास. सकाळी निघाला तर रात्री जेवायला घरात की!" मोबाईलवर बघून सांगत होता. मी होय म्हणालो, पण तो साडेनऊचा आकडा आठवडाभर टोचत राहिला.

आकडा खोटा नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून हिथ्रो ते सांबरा दोरी ताणली तर ती तेवढीच भरेल. पण त्या दोरीवरून जाणारं थेट विमान नाही. मुंबई मात्र जवळजवळ त्या दोरीवरच आहे. लंडन-मुंबई ७,२००, पुढे सांबऱ्यापर्यंत ४००. मुंबईला उतरल्यानं वाट जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरनं वाढते. वाढतो तो वेळ.

आमचे आजोबा अंतर विड्यांत सांगत. तंबाखूचं शेत दोन विड्या, तवंदीचा घाट पाच. पावसाळ्यात चिखल झाला की तेच शेत तीन विड्यांवर जाई. डोक्यावर बोचकं असलं तर चार. रस्ता तसूभर वाढलेला नसे, पण घरातल्या बायका त्या हिशेबानं भाकरी थापायला बसत आणि भाकरी कधी गार झाली नाही. परतीच्या विमानाला पश्चिमेचा वारा समोरून लागतो, तेव्हा तेच ७,२०० किलोमीटर कापायला जास्त वेळ जातो. आजोबांच्या मापात ते चपखल बसलं असतं.

तेव्हा लंडनहून पहिल्यांदा गावी जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पुढचं तिकीट असलं तरी मुंबईत पासपोर्टचा शिक्का, पट्ट्यावरून बॅगा उतरवणं, कस्टम आणि बॅगा पुन्हा जमा करणं चुकत नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर देशातल्या विमानात बहुधा १५ किलोच नेता येतात, वरच्या वजनाचे पैसे पडतात. दोन विमानांत निदान पाच तास ठेवा. आणि निपाणीला जायचं असेल तर कोल्हापूरचं विमान आधी बघा. सांबऱ्याहून निपाणी ८५ किलोमीटर, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून चाळीसच्या आत. १९५६ साली आमचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. हे मी वाद उकरायला लिहीत नाही, पण आमचा दवाखाना, सोयरीक आणि आता विमानही कोल्हापूरलाच जवळ पडतं. नकाशा आखणाऱ्यांनी त्या वेळी आमच्या पायांना विचारायला हवं होतं.

मागच्या खेपेला इथल्या, लंडनच्या दाराला कुलूप लावल्यापासून निपाणीच्या उंबऱ्यावर पाय ठेवेपर्यंत सव्वीस तास लागले. बाळा, आजीला तेवढाच आकडा सांग. साडेनऊ सांगितलेस तर ती दुपारपासूनच दारात येऊन बसेल.